रॉकसंगीताकडून लोकसंगीताकडे : रेमो फर्नांडिस यांचा सांगीतिक प्रवास आणि 'लोक' या संज्ञेचा पुनर्विचार

बीजसंज्ञा : प्रोग्रेसिव्ह रॉक, विश्वसंगीत, मांडो, दुलपद, घुमट, संगम संगीत, ध्वनिफीत

प्रस्तावना :

१९८४ साली गोव्यातील बार्देस तालुक्यातल्या शिवोली या गावी, राहत्या घरात ध्वनिमुद्रित केलेली इंग्रजी गाण्यांची एक ध्वनिफीत बाजारात आली. 'बाजारात आली' असे म्हणणे खरे तर तितकेसे अचूक नाही. कारण तिच्यामागे कोणतीही ध्वनिमुद्रण कंपनी नव्हती, वितरक नव्हता. गायक स्वतःच पिवळ्या स्कूटरवर फिती लादून दुकानोदुकानी पोहोचवीत होता. ध्वनिफितीचे नाव होते 'गोवन क्रेझी' आणि गायकाचे नाव रेमो फर्नांडिस. गीतलेखन, संगीतरचना, गायन आणि बहुतेक वादन एकाच व्यक्तीचे होते. पुढील वर्षी, १९८५ मध्ये, त्याच गायकाची 'ओल्ड गोवन गोल्ड' ही पारंपरिक कोंकणी व पोर्तुगीज गीतांची ध्वनिफीत आली. शालेय वयात 'बीट फोर' हे रॉक वाद्यवृंद स्थापन करणारा, मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेताना 'सॅव्हेजेस' या नावाजलेल्या रॉक वाद्यवृंदात वाजवणारा आणि १९७७ ते १९८० या काळात युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती करीत तेथील फ्यूजन रॉक वाद्यवृंदांबरोबर कार्यक्रम करणारा हा कलावंत आजी-आजोबांच्या काळातील गाण्यांकडे का वळला, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

या प्रश्नाचे रूढ उत्तर 'मुळांकडे परतणे' या शब्दसमूहात दिले जाते. पाश्चात्त्य संगीताचे आकर्षण ओसरले आणि कलावंत मातीकडे परतला, असे हे साधे कथानक आहे. हे कथानक गोव्याच्या बाबतीत टिकत नाही, कारण ज्या संगीताकडे फर्नांडिस परतले ते मुळातच पाश्चात्त्य स्वरसंहती आणि कोंकणी काव्य यांच्या संकरातून जन्मलेले होते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. त्यासाठी प्रथम रॉकसंगीतातील या वळणाची जागतिक पार्श्वभूमी पाहणे आवश्यक ठरते.

प्रोग्रेसिव्ह रॉक : महत्त्वाकांक्षा आणि कोंडी

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉकसंगीताची एक शाखा नृत्यगीताच्या तीन मिनिटांच्या चौकटीतून बाहेर पडली. 'किंग क्रिम्सन' या वाद्यवृंदाची १९६९ ची पहिली ध्वनिमुद्रिका हा या शाखेचा एक प्रारंभबिंदू मानला जातो. दीर्घ रचना, विषम मात्रांची लयबंधने, युरोपीय अभिजात संगीतातील बांधणीचे अनुकरण आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिकेला एकाच कथासूत्रात गुंफणे ही या शैलीची ठळक लक्षणे होत. तिला प्रोग्रेसिव्ह रॉक असे नाव मिळाले. या महत्त्वाकांक्षेचे टोक म्हणजे 'येस' या वाद्यवृंदाची १९७३ ची दुहेरी ध्वनिमुद्रिका : चार बाजू आणि प्रत्येक बाजूवर एकच रचना. तिची कल्पना परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून सुचली होती. तळटीपेवर चार बाजू रचण्याचे धाडस संशोधकांनाही सहसा होत नाही! टीकाकारांनी या कृतीवर अवजडपणाचा आरोप केला आणि १९७६-७७ च्या सुमारास पंक रॉकची लाट आली तेव्हा ही सारी शैलीच उपहासाचा विषय झाली.

अशा कोंडीत सापडलेल्या कलावंतांपुढे मोजकेच मार्ग होते. 'जेथ्रो टल' या वाद्यवृंदाने १९७७ व १९७८ मध्ये इंग्लंडच्याच ग्रामीण लोकसंगीताचा आश्रय घेतला. जॉन मॅकलॉफलिन यांनी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'चा विद्युत-गिटारचा गजर मागे ठेवून १९७० च्या दशकाच्या मध्यास झाकिर हुसेन, एल. शंकर व विक्कू विनायकराम यांच्यासमवेत 'शक्ती' हा ध्वनिवर्धक-वाद्यविरहित वाद्यवृंद उभारला. या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र पीटर गॅब्रिएल यांचे आहे.

पीटर गॅब्रिएल आणि 'विश्वसंगीत' ही संज्ञा

'जेनेसिस' हा वाद्यवृंद १९६७ मध्ये चार्टरहाउस या इंग्लिश शाळेतील विद्यार्थ्यांनी स्थापन केला. १९७४ च्या दुहेरी कथात्मक ध्वनिमुद्रिकेनंतर, लोकप्रियता वाढत असतानाच, गॅब्रिएल १९७५ मध्ये त्यातून बाहेर पडले. दक्षिण आफ्रिकेत कोठडीत मृत्यू पावलेले वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्यावर त्यांनी रचलेले गीत १९८० मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा आफ्रिकी तालांकडे झालेला त्यांचा कल उघड झाला. जुलै १९८२ मध्ये शेप्टन मॅलेट येथे त्यांच्या पुढाकाराने 'वोमॅड' हा महोत्सव भरविण्यात आला. निरनिराळ्या खंडांतील संगीतकारांना एका मैदानावर आणणारा हा उपक्रम कलादृष्ट्या नावाजला गेला आणि आर्थिकदृष्ट्या कोसळला. कर्ज फेडण्यासाठी गॅब्रिएल यांना २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स येथे जुन्या 'जेनेसिस' सहकाऱ्यांबरोबर पुन्हा एकदा तीच जुनी गाणी गावी लागली. विश्वसंगीताच्या पहिल्या मोठ्या प्रयोगाचे देणे प्रोग्रेसिव्ह रॉकने चुकते केले, ही बाब या वळणाच्या अर्थकारणाविषयी बरेच काही सांगून जाते.

येथे हेही ध्यानात घ्यावे लागते की, 'वर्ल्ड म्युझिक' ही संज्ञा व्यवहारात रुजली ती विद्यापीठीय चर्चेतून नव्हे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधील एका मद्यगृहात लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या बैठका झाल्या आणि दुकानदाराने या ध्वनिमुद्रिका कोणत्या फडताळात ठेवाव्यात या अडचणीवर तोडगा म्हणून ही पाटी निश्चित करण्यात आली. म्हणजेच ही सांगीतिक कोटी नसून विक्रीची सोय होती. गॅब्रिएल यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली 'रिअल वर्ल्ड' ही ध्वनिमुद्रण संस्था याच फडताळाची प्रमुख पुरवठादार ठरली.

या संस्थेच्या एका ध्वनिमुद्रिकेचा धागा नागपूरच्या जरीपटक्यापर्यंत येऊन पोहोचतो. उस्ताद नुसरत फतेह अली खान आणि कॅनडाचे गिटारवादक मायकेल ब्रुक यांची 'मस्त मस्त' ही ध्वनिमुद्रिका १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकगीताचा आधार सेहवानच्या लाल शाहबाज कलंदर यांच्या दर्ग्याशी निगडित असलेली सुप्रसिद्ध धमाल आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी गजबजलेल्या जरीपटक्यात हीच धून झुलेलालांच्या नावाने ओळखली जाते. चेटीचंडच्या मिरवणुकीत ढोल-शहनाईच्या साथीने ती वाजते, तेव्हा ती 'विश्वसंगीत' आहे असे कोणासही वाटत नाही. एका वस्तीसाठी ती स्मृती आहे, दर्ग्यातील भाविकासाठी उपासना, आणि लंडनमधील ग्राहकासाठी फडताळातील वस्तू. 'मस्त मस्त'च्या संपादनात गाण्याचे तुकडे जोडताना काही ठिकाणी शब्द मधूनच तुटले व अर्थ नाहीसा झाला. ही कापाकापी नुसरत यांना मान्य झाली नाही, हे ब्रुक यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. संपादकाच्या कानाला तो केवळ स्वर होता, गायकाला ते वचन होते. गॅब्रिएल वा ब्रुक यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परक्या लोकसंगीताकडे वळणाऱ्या रॉक कलावंतापुढील मूळ अडचण या प्रसंगात नेमकी दिसते.

गोव्यातील परिस्थिती याहून भिन्न होती. तेथे कलावंत दुसऱ्याच्या दारी गेला नाही. तो स्वतःच्या घरी परतला. मात्र त्या घराची रचनाच संमिश्र होती.

मांडो : आधीच संगम पावलेले 'लोक'

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिनवादन शिकविले जात असे. एकीकडे हे शिक्षण, तर दुसरीकडे दडपशाही : १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती कुटुंबांतील लग्नप्रसंगीच्या देशी गीतांसह अनेक प्रथांवर बंदी घातली. देशी गाणे घरातून हाकलले गेले आणि परके स्वरलेखन घरात आले; तरीही एकोणिसाव्या शतकात या दोहोंच्या मीलनातून मांडो हा गीतप्रकार आकारास आला. प्रामुख्याने साष्टी तालुक्यातील संपन्न ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांत तो बहरला. सहा मात्रांची संथ चाल, दोन आवाजांनी समांतर अंतराने गायिलेले स्वर, आर्जव आणि विरह यांनी ओथंबलेले कोंकणी शब्द, साथीला व्हायोलिन आणि घुमट असे त्याचे स्वरूप आहे. मांडोनंतर लय वाढवून दुलपदे गायिली जातात. मांडोत प्रेमिकांचे हृद्गत असते, तर दुलपदात गावातील माणसे, थट्टा आणि रोजचे व्यवहार येतात. देखणी हा तिसरा प्रकार तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. नदीपार लग्नाला जाण्यासाठी नावाड्याची विनवणी करणाऱ्या कलावंतिणीची जी देखणी सर्वतोमुखी आहे, तिचे कर्तृत्व कार्लोस युजेनियो फरेरा या ख्रिस्ती रचनाकाराकडे जाते. हिंदू देवळाशी निगडित नर्तकीचे पात्र, कोंकणी शब्द, पाश्चात्त्य वळणाची चाल. आणि १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटामुळे ती चाल हिंदी श्रोत्यांपर्यंतही पोहोचली.

घुमटाचा विचार केल्यास हे मिश्रण आणखी ठळक होते. मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून बसविलेले हे वाद्य मांडोच्या साथीला असते, तसेच गोव्यातील हिंदू घरांत गणेशोत्सवातील आरत्यांना, शामेळ आणि कासाळे यांच्या जोडीने, तेच वाजते. (घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर बकऱ्याचे कातडे वापरले जाऊ लागले. आवाजात फरक पडतो अशी जुन्या वादकांची तक्रार असते.) २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले.

संगीतमीमांसक डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताची विभागणी आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा कोटींमध्ये केली आहे. मांडो यांपैकी कोणत्या कोटीत बसतो? त्याच्या अनेक रचनांचे कर्ते ज्ञात आहेत, त्यांचे स्वरलेखन झालेले आहे, आणि तो शेतात नव्हे तर दिवाणखान्यात जन्मला. त्यामुळे 'लोक' या कोटीच्या रूढ निकषांवर तो उतरत नाही. तथापि गोव्यातील समाजाने तो पिढ्यान्पिढ्या आपला म्हणून गायिला, लग्नघरातून वाढविला, त्यात नवे शब्द भरले. रानडे यांची 'संगम' ही कोटी येथे विशेष उपयुक्त ठरते. ती दोन प्रवाहांच्या मीलनाला विकृती न समजता स्वतंत्र सांगीतिक व्यवहार मानते.

गोव्यातून जाणारे आणि गोव्यात परतणारे

चर्चशाळांतील या स्वरलेखनाच्या शिक्षणाचा दुसरा परिणाम मुंबईत दिसतो. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद अनेक दशके गोमंतकीय वादकांच्या व संयोजकांच्या बळावर उभे होते. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील अग्रगण्य नावे होत. या मंडळींनी लिहिलेल्या स्वरपटांवर गाणी उभी राहिली, परंतु श्रेयनामावलीत त्यांना क्वचितच स्थान मिळाले. गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गीताद्वारे गुरूचे नाव घरोघरी पोहोचविले. ते नाव एका जिवंत वादकाचे आहे, हे मात्र फारच थोड्या श्रोत्यांना ठाऊक होते.

फर्नांडिस यांचे वळण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांच्या आधीच्या गोमंतकीय वादकाचा मार्ग गावातून मुंबईकडे आणि नावाकडून अनामिकतेकडे जात होता. फर्नांडिस मुंबई आणि युरोप पाहून उलट दिशेने आले. हे शक्य झाले ते केवळ भावनिक ओढीमुळे नव्हे. तंत्रज्ञानाचा वाटा यात निर्णायक होता. १९७९ मध्ये चार स्वतंत्र पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करणारे घरगुती ध्वनिफीत-यंत्र बाजारात आले. एकाच माणसाने प्रथम गिटार, मग बासरी, मग आवाज असे थर एकावर एक चढविण्याची सोय त्यामुळे झाली. ध्वनिफितीची प्रत काढणे ध्वनिमुद्रिका छापण्यापेक्षा कितीतरी स्वस्त होते. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये उत्तर भारताविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, ध्वनिफितीने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक संगीताला वाट करून दिली. 'गोवन क्रेझी' हे त्याच प्रक्रियेचे गोमंतकीय उदाहरण होय. स्कूटरवरून विक्री करणे ही एखाद्या अवलियाची लहर म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात तो वितरणव्यवस्थेला दिलेला पर्याय होता. मोठ्या कंपन्यांचे लक्ष पुढे वेधले गेले, १९८६ ची 'पॅक दॅट स्मॅक' ही अमली पदार्थविरोधी गीतांची ध्वनिफीत देशभर पोहोचली, तेव्हा कलावंत शिवोलीतच होता.

श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या चित्रपटात फर्नांडिस यांचा सहभाग होता, हेही अर्थपूर्ण आहे. १९६१ च्या मुक्तिपूर्व गोव्यातील एका ख्रिस्ती घराण्याची ही कथा व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या लोटली येथील वडिलोपार्जित घरात चित्रित झाली. ज्या प्रकारच्या दिवाणखान्यात मांडो वाढला, तशाच दिवाणखान्यात एक रॉक गायक कोंकणी गाऊ लागला. पुढे 'जलवा' (१९८७), ए. आर. रहमान यांच्या 'बॉम्बे'ची (१९९५) हिंदी आवृत्ती, आणि २००७ मध्ये पद्मश्री असा हा प्रवास सर्वज्ञात आहे. त्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे.

भाषेचा प्रश्न

या वळणाची एक बाजू मात्र अडचणीची आहे आणि गौरवपर लेखनात ती सहसा टाळली जाते. फर्नांडिस यांची गोव्याविषयीची सर्वाधिक गाजलेली गाणी कोंकणीत नसून इंग्रजीत आहेत. याच काळात गोव्यात राजभाषेचे आंदोलन पेटले होते. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा हे घटकराज्य बनले. त्याच वेळी सामान्य कोंकणी श्रोत्यासाठी तियात्रातील कांतारांची परंपरा जिवंत होती, क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची गीते ओठांवर होती. कोंकणी जनसंगीत फर्नांडिस यांच्यापासून सुरू झाले असे मानणे या परंपरेवर अन्याय करणारे ठरेल. इंग्रजी गाण्यांमुळे गोव्याचे चित्र मुंबई-दिल्लीच्या महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचले. गावातील तियात्राच्या प्रेक्षकाला त्यांची गरज होतीच असे नाही.

असे असले तरी, केवळ भाषेवरून त्यांना परका ठरविणेही योग्य नव्हे. गावातील व्यक्ती, स्थानिक राजकारण, पर्यटक आणि भाटकार यांच्यावर हसत-हसत बोट ठेवणारी ही इंग्रजी गाणी आशयदृष्ट्या दुलपदाच्या अगदी जवळची आहेत. दुलपदकर्ता शेजाऱ्यावर गाणे रचतो आणि शेजारी ते ऐकतो. गोव्यात, गोव्यातील माणसांविषयी, गोव्यातील माणसांना प्रथम ऐकविलेली गाणी या कसोटीला उतरतात. गॅब्रिएल आणि फर्नांडिस यांतील महत्त्वाचा भेद येथेच आहे. पहिल्याचे गाणे ज्यांच्याविषयी होते, ते त्याचे प्रमुख श्रोते नव्हते. दुसऱ्याच्या गाण्यात ज्याची थट्टा केली, तो माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात भेटण्याची शक्यता होती. आपल्या श्रोत्याला जाब देण्याची ही बांधिलकी 'लोक' या संज्ञेचा वाद्य, भाषा वा प्राचीनता यांहून अधिक विश्वसनीय निकष ठरू शकते.

मराठी रंगभूमीवरील एक समांतर उदाहरण

महाराष्ट्रातही अशा वळणाचा एक दाखला सापडतो. आत्माराम भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे हे १९७० च्या दशकातील मुंबईच्या रॉक वर्तुळातील अग्रणी गायक. अलेक पदमसी यांच्या १९७४ च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेत त्यांनी ज्यूडासची भूमिका केली आणि चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, थिएटर अ‍ॅकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त ते मराठी रंगमंचावर उभे राहिले. ब्रेख्तच्या संगीतिकेचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेल्या या प्रयोगात लावणी, नाट्यगीत आणि पॉप या तिन्हींना स्थान होते. यात रॉक गायकाला आपला आवाज बदलावा लागला नाही. तमाशाच्या बांधणीतच सर्व सुरांना सामावून घेण्याची क्षमता होती. दुर्दैवाने हा प्रयोग मराठीत एकाकी राहिला आणि भेंडे यांचे नाव (निधन २०१४) संगीताच्या इतिहासलेखनात क्वचितच आढळते.

वर्गीकरणाचा व्यावहारिक पेच

महाविद्यालयीन पातळीवर हा प्रश्न दरवर्षी युवा महोत्सवाच्या वेळी उभा राहतो. तेथे 'लोकवाद्यवृंद' आणि 'पाश्चात्त्य समूहगान' हे दोन स्वतंत्र कलाप्रकार असतात. विदर्भातील खडी गंमत किंवा दंडार यांची वाद्ये घेऊन येणारा संघ पहिल्यात सहज बसतो. जरीपटक्यातील विद्यार्थ्यांनी छेजसाठी ढोल-शहनाई आणली तर तीही पहिल्यातच जाईल. परंतु त्याच धमालीला गिटारची साथ दिली की परीक्षकांच्या कपाळावर आठी पडते. गोव्याच्या मांडोची अवस्था आणखी बिकट आहे : दोन आवाजांची समांतर गायकी आणि व्हायोलिन पाहता तो पाश्चात्त्य, आणि घुमटाकडे व कोंकणी शब्दांकडे पाहता तो लोक. दीडशे वर्षांहून अधिक काळ एकत्र नांदलेले हे दोन्ही घटक कोणत्या रकान्यात लिहायचे, हे प्रवेशपत्रिका भरणाऱ्या सांस्कृतिक समन्वयकालाच ठरवावे लागते.